नवं तालुका क्रीडा संकुल, मैदान एकच, क्लब दोन: वाटणी कशी करावी? (मंचावरची चर्चा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उजवी बगल

मंडळी, आमच्या तालुक्याच्या ठिकाणी क्रीडा संकुल तयार झालं आहे. 400 मीटरचा मातीचा ट्रॅक, आत फुटबॉलचं मैदान, एका बाजूला पायऱ्यांची गॅलरी, दोन चेंजिंग रूम, एक बोअर आणि चार खांबांवर दिवे. खाली काळी माती आहे, वर साधारण 15 सेंमी मुरूम आणि त्यावर 10 सेंमी पोयटा टाकून मागच्या जुलैत हरळी लावली आहे. गावात जुने फुटबॉल क्लब दोन, एक पेठेतला आणि एक स्टेशनकडचा. त्यांची चुरस सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. संकुल समितीसमोर सध्या एकच प्रस्ताव आहे: तीन दिवस याचे, तीन दिवस त्याचे आणि रविवार पाळीने.

जाणकारांनी सांगावं. मैदान किती मापाचं आखावं? वेळेची वाटणी अशीच ठेवावी का? वीज-पाण्याचा खर्च कसा वाटावा? आणि दोन्ही क्लब समोरासमोर येतील त्या दिवशी काय व्यवस्था लागेल? मोघम नको, आकड्यांत सांगा.

फक्कीवाला

मापापासून सुरू करतो, कारण ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. 105 बाय 68 हे माप सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ट्रॅकच्या आत ते घालू नका. 400 मीटरच्या प्रमाणित ट्रॅकची आतली त्रिज्या 36.5 मीटर आणि सरळ भाग 84.39 मीटर असतो. त्यात 105 बाय 68 आखलं तर चारही कोपरे ट्रॅकच्या कडेपासून जेमतेम 1 मीटरवर येतात. कॉर्नर मारणारा पोरगा मागे सरकला की टाच कडेच्या विटांवर. 100 बाय 64 घ्या. कोपऱ्यांत साडेतीन मीटर मिळतात, टचलाइनपासून (बाजूच्या लांब रेषेपासून) ट्रॅकपर्यंत साडेचार मीटर उरतात आणि खेळाडूंचे बाक तिथे नीट बसतात. हे माप नियमातच आहे. साध्या सामन्यांना लांबी 90 ते 120 आणि रुंदी 45 ते 90 चालते, आंतरराष्ट्रीय सामन्यांनाही लांबी 100 ते 110 आणि रुंदी 64 ते 75 चालते.

आखताना सुती दोरीवर भरवसा ठेवू नका, ती ताणली जाते. फायबरचा टेप घ्या. आधी एक टचलाइन पक्की करा. तिच्या टोकाला 30-40-50 मीटरचा त्रिकोण धरून काटकोन काढा, मग दोन्ही कर्ण मोजा. 100 बाय 64 ला कर्ण 118.73 मीटर आला पाहिजे. दोन कर्णांत 5 सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर मैदान तिरकं आहे, फक्की मारू नका. चारही कोपऱ्यांवर, मध्यरेषेच्या दोन्ही टोकांवर आणि पेनल्टीच्या दोन्ही ठिकाणी प्लास्टिकचे सॉकेट जमिनीच्या 5 सेंमी खाली पुरून ठेवा. पुढच्या वेळी दोघा माणसांचं तासाभराचं काम. दोन क्लब आहेत म्हटल्यावर हे लागतंच, नाहीतर प्रत्येक जण आपली फक्की वेगळी मारतो आणि गवतावर दुहेरी रेषा दिसतात.

फक्कीसाठी खडू पावडर वापरा. भिजवलेला किंवा कळीचा चुना अजिबात नको. पोरं घसरतात, डोळ्यांत जातो, कातडी भाजते आणि रेषेखालचं गवत जळून तिथे चर पडते. 100 बाय 64 च्या मैदानावर सगळ्या रेषा मिळून जवळपास 690 मीटर होतात, तेव्हा वर्षाची पावडर एकदाच, दोघांच्या नावावर घ्या. रेषेची रुंदी 12 सेंमीच्या वर जाऊ देऊ नका आणि गोलरेषा खांबाच्या जाडीएवढीच ठेवा.

काळी माती

वाटणीचा प्रस्ताव वाचला. दिवस मोजून वाटणी केली तर हे मैदान दोन हिवाळे काढणार नाही. कारण सांगतो.

हरळी उष्ण हंगामातलं गवत आहे. आपल्याकडे ती जोमाने वाढते जुलै ते ऑक्टोबर. म्हणजे तुटलेलं गवत भरून येण्याचा काळ नेमका तोच, ज्यात जमीन ओली असते आणि बूट खोल रुततात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की हरळी झोपते. स्पर्धा कधी असतात? डिसेंबर-जानेवारीत. त्या दोन महिन्यांत गोलच्या तोंडाशी जे गवत उखडतं ते मार्चपर्यंत परत येत नाही, आणि मार्चनंतर पाण्याचा प्रश्न. म्हणून आधी गवताला किती तास सोसतील ते ठरवा आणि उरलेलं क्लबांत वाटा.

खाली काळी माती असलेल्या मैदानासाठी मी हा अंदाज धरेन, पूर्ण मैदानावर 22 खेळाडू धरून: पावसाळ्यात आठवड्याला 6 तास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात 12, डिसेंबर ते फेब्रुवारी 8, मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर 8 आणि नसेल तर 4. यातले एक तृतीयांश तास शाळांचे. सुब्रतो चषकाची, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची, तयारी करणाऱ्या 15 आणि 17 वर्षांखालच्या पोरापोरींना मैदान मिळालं नाही तर पाच वर्षांनी दोन्ही क्लबांना खेळाडूच मिळणार नाहीत. म्हणजे हिवाळ्यात क्लबाच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम पावणेतीन तास येतात. एक सामना आणि थोडा सराव. तीन-तीन दिवस द्यायला गेलात तर रोज दोन तास धरूनही आठवड्याचे 12 तास नुसत्या सरावात जातात आणि रविवार वेगळाच.

कोलकात्याकडे बघा. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे चुरशीचे दोन क्लब सॉल्ट लेकच्या मोठ्या स्टेडियममध्ये एकमेकांशी भिडतात, पण दोघांची स्वतःची मैदानं तिकडे कोलकाता मैदान भागात आहेतच. तुमच्या दोन्ही क्लबांनी आपली जुनी मुरमाची मैदानं सोडू नयेत. संकुल मिळालं म्हणून ती जागा हातची गेली तर परत मिळत नाही.

स्टेशनपलीकडचा

काळी माती भाऊ, तुमचं गणित बरोबर असन, पण गावात तास मोजाले कोण बसते? दिवस वाटले तं सगळ्याले समजते. सोमवार आपला, मंगळवार त्यायचा, विषय संपला. तास मोजाले गेले तं रोज गेटवर तंटा होईन. त्यायनं साडेपाचले सोडाचं होतं, पावणेसहा वाजले तरी खेळूनच राहिले, असं. आन् जुन्या मैदानाचं म्हनता, तं स्टेशनजवळच्या मैदानावर अर्ध्यात आता गाड्या उभ्या राहतात. पोरं जातीन कुठं?

काळी माती

स्टेशनपलीकडचे भाऊ, गेटवरचा तंटा खरा आहे, म्हणून मोजणारा माणूस क्लबाचा नको. ग्राउंडमन समितीचा असावा आणि वही त्याच्या हातात असावी. वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, क्लब किंवा शाळा, सुरू, बंद, मैदानावर किती जण. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. 60 पोरं एक तास धावली तर गवताला तो एक तास नसतो, पावणेतीन तास असतो. महिन्याच्या शेवटी दोन्ही सचिवांच्या सह्या. पाळी संपली की ग्राउंडमनने शिट्टी वाजवायची, आणि दोन पाळ्यांमध्ये 15 मिनिटं रिकामी ठेवायची. भांडण बहुतेक त्या 15 मिनिटांअभावी होतं.

जागेचा प्रश्नही सुटतो. ट्रॅकच्या आत, एका गोलच्या मागे जो अर्धगोल उरतो त्यात गोलरेषेपासून 4 मीटर सोडून 18 बाय 36 मीटरचा पट्टा बसतो. तो मुरमाचाच ठेवा, वर गवत लावू नका. पासिंग, पाच-पाच जणांचे सामने, गोलकीपरचा सराव, सगळं तिथे. त्यावर तासांची मर्यादा नाही, तिथे खुशाल दिवस वाटून घ्या. तुमचं म्हणणं त्या पट्ट्याला अगदी लागू पडतं. दुसऱ्या टोकाचा अर्धगोल उड्या आणि गोळाफेकीसाठी राहील.

हिशोबनीस

खर्चाबद्दल. निम्मं-निम्मं हे ऐकायला न्यायाचं वाटतं, पण त्यातून काय होतं ते जर्मनीत म्युनिकमध्ये दिसलं आहे. 2005 साली बायर्न आणि 1860 म्युनिक या दोन क्लबांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत नवं स्टेडियम उघडलं. मिळकत सारखी नव्हती. पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, पैशाची ओढाताण झाल्याने 1860 ने आपला निम्मा वाटा बायर्नला विकला आणि ते भाडेकरू झाले. 2017 मध्ये खालच्या लीगमध्ये घसरण होऊन ते स्टेडियम सोडून जुन्या मैदानावर परतले. दोन क्लबांत एकाच्या मागे व्यापारी देणगीदार असतील आणि दुसरा वर्गणीवर चालत असेल, तर आपल्याकडेही हाच धोका आहे. देणगीतून रोलर आला, कटर आला, की हळूहळू मैदान ‘त्यांचं’ होतं. म्हणून कुठलीही वस्तू क्लबाने दिली तरी ती समितीच्या जडवस्तू नोंदवहीत चढली पाहिजे आणि वस्तूवर क्लबाचं नाव रंगवायचं नाही.

खर्चाचे दोन भाग पाडा. मैदान वापरा न वापरा, जो येतोच तो स्थिर खर्च: ग्राउंडमनचा पगार, वीजबिलातला मंजूर भाराचा स्थिर आकार, खत, फक्की, जाळ्या. यात समितीचा हिस्सा आधी ठरवून घ्या आणि उरलेलं दोघांत निम्मं. दुसरा वापराचा खर्च, तो वहीतल्या तासांवर. दिव्यांचं उदाहरण घ्या. चार खांबांवर प्रत्येकी 500 वॅटचे 6 दिवे म्हणजे 12 किलोवॅट, दोन तास लावले की 24 युनिट. दिव्यांच्या लाइनवर वेगळा सब-मीटर बसवा. सुरू करताना आणि बंद करताना रीडिंग त्याच वहीत लिहायचं. बोअरची मोटर त्या मीटरवर घेऊ नका, पाणी गवताला लागतं, क्लबाला नाही.

पाण्याचा आकडाही माहीत असू द्या. कडेची पट्टी धरून 8,000 चौरस मीटर गवत आहे असं समजा. 5 मिमी पाणी द्यायचं म्हणजे 40,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे चार टँकर, एका वेळचं. मेमध्ये एक दिवसाआड तरी हे लागेल. बोअर तासाला 5,000 लिटर देत असेल तर आठ तास मोटर चालेल आणि लोडशेडिंगमध्ये ते जमत नाही. 50,000 लिटरची जमिनीखालची टाकी नसेल तर पहिल्या पैशातून ती बांधा, गॅलरीवरचं शेड नंतर.

शिट्टी

दोन्ही क्लब आमनेसामने येतील त्या दिवसाबद्दल लिहितो.

मैदान दोघांचं असलं तरी प्रत्येक सामन्याला एक यजमान असलाच पाहिजे. इटलीत मिलान शहराच्या सान सिरो स्टेडियममध्ये असंच चालतं. 1926 साली ते एसी मिलानसाठी उभं राहिलं, 1935 मध्ये नगरपालिकेकडे गेलं आणि 1947 पासून शहरातला दुसरा क्लब इंटरही तिथे खेळतो. लीगमध्ये दोघांची गाठ हंगामात दोनदा पडते, एका सामन्यात एक यजमान, दुसऱ्यात दुसरा. एका गोलमागची गॅलरी मिलानच्या पाठीराख्यांची, समोरच्या गोलमागची इंटरच्या पाठीराख्यांची. तुमच्याकडे गॅलरी एकाच बाजूला आहे, म्हणून ती मध्यरेषेवर दुभागा, मधल्या 5 मीटरच्या पायऱ्या रिकाम्या ठेवून बांबू आडवे बांधा, आणि येण्याजाण्याची वाट दोन टोकांना वेगळी ठेवा. एकच गेट असेल तर पाहुण्या बाजूचे लोक 15 मिनिटं आधी आत घ्या आणि सामना संपल्यावर त्यांना आधी बाहेर जाऊ द्या.

यजमानाची कामं लेखी ठेवा: फक्की, जाळ्या, 4 झेंडे (दांडी किमान दीड मीटर उंच), 3 सामन्याचे चेंडू, 6 बॉलबॉय, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी, दारात उभं वाहन, पोलीस ठाण्याला आठ दिवस आधी पत्र. पंच दुसऱ्या तालुक्यातले बोलवा, तिघेही. जर्सीच्या रंगात गोंधळ असेल तर कोणी बदलायचं हे आधीच लिहून ठेवा. माझ्या मते पाहुण्याने. गोलकीपरचा रंग सगळ्यांपेक्षा वेगळा हवा, हे शेवटच्या क्षणी आठवतं आणि मग कोणाचा तरी टी-शर्ट उलटा घालून खेळावं लागतं.

प्रेक्षकांत शिट्ट्या विकू देऊ नका. पंचाची शिट्टी समजून बचावपटू थांबतो, गोल होतो आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. ढोल-ताशे चालतील, पण गोलच्या मागे नाहीत.

उन्हाळ्यातला सामना सकाळी साडेसहाला किंवा संध्याकाळी पाचनंतर. कडक उन्हात प्रत्येक अर्ध्यात दीड ते तीन मिनिटांचा थांबा घेण्याची मुभा नियमात आहे, ती पंचांना आधी आठवण करून द्या. दोन अर्धी, मधली 15 मिनिटं आणि वाढीव वेळ धरून एका सामन्याला सव्वादोन तासांचा स्लॉट ठेवा.

चेंजिंग रूमबद्दल एक. सान सिरोमध्ये दोन्ही क्लबांच्या खोल्या वेगळ्या आहेत. तुमच्याकडे दोनच खोल्या आहेत आणि त्या सामन्यातल्या दोन संघांसाठी लागतात, त्यामुळे एकही कोणाच्या नावावर करू नका. त्याऐवजी गॅलरीखाली 8 बाय 10 फुटांची कुलपाची एकेक खोली दोघांना द्या, चेंडू-कोन-झेंडे ठेवायला. भिंतींचा रंग दोघांपैकी कोणाचाच नको. म्युनिकच्या त्या स्टेडियममध्ये खुर्च्या करड्या ठेवल्या होत्या आणि बाहेरचा उजेड सामन्यागणिक बदलायचा, बायर्नला लाल, 1860 ला निळा. आपल्याकडे कापडी झेंडे लावावे आणि त्याच रात्री काढावे.

पहाटपाळी

एक गोष्ट राहिली. या मैदानावर तिसरा दावेदार आहे, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. पहाटे पाचपासून 40-50 जण 1600 आणि 800 मीटर धावतात. त्यांना हाकलू नका, संकुल त्यांचंही आहे. फक्त पावसाळ्यात आतली लेन चिखल झाली की ते गवतावरून धावतात आणि टचलाइनला समांतर उघडी पट्टी पडते. दोन आतल्या लेनवर बारीक मुरूम टाकून रोलर फिरवा आणि कडेला दोरी बांधा. गोळाफेकीचा पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा असतो, तो गवतावर पडला की वाटीएवढा खड्डा. काळी माती यांनी सांगितलेल्या दुसऱ्या अर्धगोलात त्यांची जागा करा.

सभा आणि लग्नाचे मंडप यांचंही आधीच ठरवून टाका. नुकसान खुंट्यांनी होतं तितकंच वाहनांनी. भरलेला टेम्पो ओल्या गवतावरून एकदा गेला तरी चाकोरी राहते आणि तिथे पुढच्या पावसात पाणी साचतं.

फक्कीवाला

गोलपोस्टबद्दल लिहायचं राहिलं होतं. 4 इंची पाइपचा बाहेरचा व्यास 114 मिमी असतो, 12 सेंमीच्या मर्यादेत बसतो. आतलं अंतर 7.32, जमिनीपासून दांड्याच्या खालच्या कडेपर्यंत 2.44. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. 5 इंची पाइपचा 70 सेंमी लांब सॉकेट काँक्रीटमध्ये बसवा आणि खांब त्यात उतरवा, म्हणजे सभा असो की ॲथलेटिक्स, काढता येतो.

आता काळ्या मातीची खोड. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ काँक्रीट वर-खाली होतं. एक खांब 3 सेंमी उचलला तरी वरचा दांडा तिरपा दिसतो. पाया 90 सेंमी खोल घ्या, तळाला 15 सेंमी मुरूम ठोकून, आणि ऑक्टोबरात पाणी उतरल्यावर दोन्ही खांबांपाशी उंची मोजा. जाळीसाठी उघडे लोखंडी हूक वेल्ड करू नका, त्यात बोटं अडकून फाटतात. प्लास्टिकच्या क्लिपा लावा. सरावाचे हलते गोल असतील तर मागच्या दांड्यावर वाळूची पोती हवीतच. लहान पोरं दांड्याला लटकतात आणि गोल अंगावर येतो, यात जीव गेले आहेत.

उजवी बगल

सगळ्यांचे आभार, मुद्दे समितीला देण्यासाठी उतरवून घेतोय. दोन शंका. पाऊस झाल्यावर सामना घ्यायचा की नाही हे कोणी आणि कसं ठरवायचं? दोन्ही क्लब आपापल्या सोयीने बोलतात. आणि एप्रिलमध्ये गवतातून भेगा दिसायला लागल्या आहेत, त्यात रेती भरू का?

काळी माती

रेती भरू नका. भेगेत रेती बसली की पावसाळ्यात माती फुगताना भेग मिटायला जागा राहत नाही, मग ती वर उचलते आणि मैदानावर उंचवटे येतात. तीच माती चाळून, कोरडी, भेगेत भरा आणि वरून हलकं पाणी. खोल पाणी तीन-चार दिवसांआड दिलं तर भेगा कमी होतात. रोज वरवर शिंपडून काही होत नाही. पोयट्यात थोडी रेती कालवायचा सल्लाही कोणी देईल, तो मानू नका. चिकण मातीत थोडी रेती म्हणजे विटेसारखा थर. टाकायचीच असेल तर वरून, 5 मिमीचा एकसारखा थर, दर पावसाळ्यात. 100 बाय 64 ला त्यासाठी 32 घनमीटर, म्हणजे सव्वाअकरा ब्रास लागेल. खर्च जास्त वाटला तर फक्त दोन्ही गोलच्या तोंडाशी आणि मध्यवर्तुळात टाका.

पावसाचा निर्णय ग्राउंडमनचा आणि तो सामन्याच्या दोन तास आधी. पाच जागा ठरवून ठेवा: दोन्ही गोलसमोर, मध्यबिंदू, आणि दोन्ही टचलाइनच्या मध्याजवळ. प्रत्येक ठिकाणी पूर्ण वजन देऊन टाच दाबायची. टाचेभोवती पाणी वर आलं तर ती जागा नापास. पाचापैकी दोन नापास झाल्या की सामना पुढे. दोन्ही सचिवांनी सोबत चालावं, पण टाच ग्राउंडमनची. पाणी साचलेलं असताना रोलर फिरवून मैदान ‘सुकवायचा’ आग्रह कोणी धरला तर त्याला थांबवा. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरला की वरचा थर घट्ट होतो, मुळांना हवा मिळत नाही आणि तो पट्टा सप्टेंबरपर्यंत पिवळा राहतो.

सामना संपल्यावर अर्धा तास दोन्ही संघांचे राखीव खेळाडू मैदानावर थांबवा. उखडलेले गवताचे ढेकूळ जागच्या जागी पायाने दाबायचे, खोल जखमांत चाळलेली माती आणि हरळीच्या तीन-चार कांड्या. जून-जुलैत हे केलं तर तीन आठवड्यांत जागा भरते. युरिया त्याच काळात, महिन्यातून एकदा, पूर्ण मैदानाला 45 किलोचं एक पोतं, पाऊस यायच्या बेतात असताना किंवा लगेच पाणी देऊन. डिसेंबरात युरिया टाकू नका, झोपलेल्या गवताला तो लागत नाही, तण मात्र वाढतं.

कटर 25 ते 30 मिमीवर ठेवा आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका.